सरकीसकट

मंगळवारी रोहण्याचा बाजार उठला,
हॉटेलवाल्यानं बाकं उलटी ठेवली, की
बंद जिनिंगच्या मागच्या पत्र्यातून आम्ही आत शिरायचो.
चौघं वाजवायचे. मी पाचवा,
टेपरेकॉर्डर माझा म्हणून.

शालिग्राम थुटे, मोटार रिवाइंडिंगचा माणूस,
तांब्याची तार दोन खांबांत ताणून
कानशीनं घासायचा.
बेबीताई ठवरे भजनी मंडळातून उठून आलेल्या.
पेटीचा भाता ओढायच्या, पट्टी दाबायच्या नाहीत.
नुसता वारा.
लहानू मसरामच्या ढोलाचं एक तोंड फाटलेलं,
त्यातून तो ज्वारी ओतायचा, मूठ-मूठ.
आणि अजीजचा रेडिओ.
काट्यावर नागपूर आणि रायपूरच्या मध्ये
जिथं कुणीच बोलत नाही
तिथं त्याचा अंगठा.

नियम एकच, तोही कुणी सांगितला नव्हता:
समेवर यायचं नाही.
लहानूचा हात सवयीनं तिकडे वळला
की बेबीताई खाकरायच्या.

पानठेल्यावर विचारायचे, "काय वाजवता बे तुमी?"
शालिग्राम म्हणायचा, "अजून सुरू नाई झालं."
एका रात्री चौकीदार बॅटरी घेऊन आला चोर पकडायला,
आणि पोत्यावर बसून राहिला.
सकाळी म्हणाला, "मले वाटलं,
मशीन झोपीत बडबडून रायली."

अकरा कॅसेटी झाल्या. वर बॉलपेननं फक्त तारखा.
बाजू उलटताना आठेक सेकंद जायची.
तेवढ्यासाठी कुणी थांबायचं नाही.
त्या सेकंदांत काय वाजलं ते पाचांनाच ठाऊक होतं,
आता दोघांना.

अजीजच्या भाच्यानं कॅसेटी अमरावतीच्या हॉस्टेलवर नेल्या,
तिथून कॉपीची कॉपी निघत गेली.
पुण्यात म्हणे पोरंपोरी अंधारात बसून तारा घासतात
आणि मधेच थांबतात, मोजून आठ सेकंद.
ती आमची शैली आहे असं त्यांच्यात मानतात.
मी खुलासा केला नाही.

त्यांच्यातलाच एक, ओजस, गेल्या कार्तिकात
लॅपटॉप घेऊन माझ्या ओसरीवर आला.
"काका, सगळं साफ केलंय. खरखर पूर्ण गेली."
हेडफोन कानाला लावला.
तार चकचकीत. ज्वारीचा दाणा न् दाणा मोजावा असा.
बेबीताईंचा वारा अर्धामुर्धा.
मी वाट पाहिली. दुसरी कॅसेट लावायला सांगितली, मग सातवी.
अजीज नव्हता.
कुठेच नव्हता.
चार वर्षांपूर्वी आर्वीच्या दवाखान्यात गेला होता,
तो आता अजून एकदा.

पोराला काही बोललो नाही, जिनिंगमध्ये घेऊन गेलो.
गंजलेल्या रोलरवर हात ठेवून सांगितलं,
"हे चालू होतं तेव्हा इथं
सरकी वेगळी निघायची, रुई वेगळी.
आम्ही आलो तेव्हा बंद होतं."
तो बराच वेळ रोलरकडे पाहत राहिला.
मग म्हणाला, "परत टाकतो."

परत टाकलेलं ऐकायला बेबीताईंकडे गेलो.
डावा कान गेलाय त्यांचा, उजवा स्पीकरला लावून बसल्या.
खरखर आली. त्यांनी पदर सावरला,
अजीज दारातून आत आला असावा तसा.
ओजसनं मधेच थांबवलं:
"आणि हे? माइकच्या अगदी जवळ,
चोंदलेल्या नाकासारखं, सगळ्या कॅसेटींवर आहे.
हे कोण वाजवतंय?"

बेबीताईंनी माझ्याकडे पाहिलं.
"थो? थो नुसता बसून राहे."
मग, जरा थांबून,
"पण समेवर नाई आला कदी."