परतावा

जूनमधली रात्र, म्हणजे नावापुरतीच;
अकरा वाजले तरी सरोवर लख्ख.
वडील सौनाच्या पायरीवर, खांद्यावर ओला टॉवेल.
वरून विमान गेलं, वळलं, पुन्हा आलं.
"नांगरट चाललीय जणू," म्हणाले,
"तास सोडत नाही पठ्ठ्या."

दीड किलोमीटरवरून प्रकाशाची टाचणी,
सेकंदाला लाखो वेळा.
बहुतेक टोचण्या स्प्रूसच्या शेंड्यालाच शिवून माघारी,
काही बर्चच्या पानांत रेंगाळलेल्या.
एखादीच पार तळाशी जाते,
ब्लूबेरीच्या झुडपांतून शेवाळावर टेकते
आणि सगळ्यांमागून घरी येते.
जमीन कुठे आहे ते तिलाच ठाऊक.

योएन्सूच्या ऑफिसात मी एक कळ दाबते:
झाडं नाहीशी.
वडिलांचं चौतीस हेक्टर रान
भादरलेल्या डोक्यासारखं उघडं,
आणि उत्तरेच्या उतारावर, जुन्या खोकेसारखा,
एक गोल खड्डा. डांबरभट्टी.
कुणाची, विचारलं.
"तिथे बूट ओले व्हायचे," फोनवर वडील,
"चाळीस वर्षं. एवढंच."

कंपनीला खड्ड्याचं काय! तिला परतावा हवा:
हेक्टरी दोनशे बारा घनमीटर.
मी नकाशा छापून नेला.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी
एका कोऱ्या चौकोनात पेन्सिलीनं फुली मारली.
"हा कुठे गेला?"

हा म्हणजे केलो: उभ्या उभ्या मेलेला पाइन,
राखाडी, चांदी उतरलेला, ना साल ना सुया.
प्रकाशाला त्याच्यात धरायला काही सापडलं नसावं.
"माझ्या जन्माआधी मेलाय," म्हणाले,
"आणि तुमचं यंत्र म्हणतं, तो नाहीच."
मी अचूकतेबद्दल काहीबाही बोलले. टक्के सांगितले.
ते बूट चढवत होते.

गुडघा दुखत असताना, काठी न घेता,
लाकडी कॅलिपर काखोटीला मारून ते पुढे,
वही घेऊन मी मागे,
डास दोघांभोवती सारखेच.
कॅलिपरचे जबडे खोडाला भिडले. टक्क.
"एकेचाळीस!" ओरडले,
मी हातभर अंतरावर असताना.
लिहिलं.
उंची?
त्यांनी मान मागे टाकली
आणि बराच वेळ तशीच ठेवली.
"सुतारपक्ष्याची ढोली आहे. ती लिही आधी."

तसा रकाना नव्हता.
समासात लिहिलं.