अंगी लागत नाही

बिटको चौकातल्या आमच्या लॅबमध्ये
सकाळी सहाला येतात ते सगळे उपाशी.
काही खरंच उपाशी, काही चहा पिऊन नाही म्हणणारे.
बाकडं टाकीसमोर आहे.
रक्त देईपर्यंत ते माशांना जेवताना बघतात.

एंजल वाळतोय, हे निरभवण्यांनी आधी पाहिलं.
एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
केसाएवढी चूक शोधत बसलेला माणूस.
म्हणाले, ताई, हा काळ्या पट्ट्यांचा
दाणा घेतो, घोळवतो, थुंकतो.
आणि कपाळ बघा, खड्डा पडलाय डोळ्यांवर.

पाठ सुरीच्या धारेसारखी झाली होती.
रोज मीच दाणे टाकत होते.

वृषाली म्हणाली, म्हातारा झाला असेल.
शालिमारचा जुबेर फोनवर म्हणाला,
जंतांचं टाकून द्या, सगळेच टाकतात.
पण मी वीस वर्षं नाशिकरोडची शी तपासतेय.
न बघता औषध
माझ्या हातून सुटत नाही.

तराजूवर बीकर, बीकरमध्ये टाकीचंच पाणी,
काटा शून्यावर आणला, मग मासा.
तेरा ग्रॅम चार.
पुढच्या सोमवारी बारा ग्रॅम नऊ.
अर्धा ग्रॅम म्हणजे काय, तर चिमूटभर रवा.
त्याच्यासाठी पाच किलो गेल्यासारखं.

रिपोर्ट छापले जात होते तेव्हा
मी ड्रॉपर घेऊन टाकीपुढे बसले.
डॉक्टर आत आले, बघितलं, परत गेले.
पावणेदोन तासांनी
एक पांढरा पोकळ दोरा, लोंबत राहिलेला.
ताजा असतानाच काचेवर घ्यायचा,
उशीर झाला की आतले मरतात, काही दिसत नाही.

चाळीसचं भिंग.
अंडी नव्हती, जंत नव्हते.
लंबगोल ठिपके होते, भयंकर घाईतले,
द्वारका सर्कलला सिग्नल बंद पडल्यावर
सगळे एकदम सुटतात तसे.

हे थोडे प्रत्येकाच्या पोटात असतात म्हणे.
मग आत्ताच का माजले?
पाण्यात हात घातला आणि काढून घेतला.
एकोणीस.
त्या आठवड्यात निफाडला पारा पाचावर होता,
आणि हीटरच्या पिनेच्या जागी
वृषालीचा चार्जर.
रात्री काढते ताई, सकाळी लावते,
कधी राहून जातं.
मी काही बोलले नाही. एक्स्टेंशन बोर्ड आणला.

कोपऱ्यात निळा टब, त्यात तो एकटा.
रोज दोन-दोन अंश वाढवत तिशीला नेलं.
जुलाबावर माणसांना देतात तीच गोळी
खलात कुटली. खातच नव्हता,
म्हणून आधी पाण्यात. चौथ्या दिवशी
गोठवलेल्या अळ्यांना चोळून.
रोज तिसरा हिस्सा पाणी बदल,
नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून.
सहाव्या दिवशी त्याने एक अळी
घेतली, घोळवली,
आणि मी श्वास धरून उभी,
मागे कोणीतरी विचारतंय, पावती कुठे करायची.
गिळली.

निरभवणे दर सोमवारी येतात.
छप्पन्न, पंचावन्न, साडेत्रेपन्न.
साखर ठीक, थायरॉइड ठीक,
थुंकी दोनदा पाठवली, काही नाही.
खातो की हो, म्हणतात, अंगी लागत नाही.
मी विचारलं, थंडी वाजते का?
ताटातलं संपतं का?
जेवायला बरोबर कोण असतं?
शेवटच्यावर ते टाकीकडे बघत राहिले.
फॉर्मवर तो रकाना नाही.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात,
डॉक्टरांना दिसेल इतपत.

आज म्हणाले, आधी त्याचं करा.
तेरा ग्रॅम एक.
चष्मा पुसून स्वतः आकडा वाचला त्यांनी,
मग काट्यावर चढले.
काका, चपला काढा.
राहू द्या ताई, तेवढंच.

मी आकडा लिहिला.
कंसात लिहिलं, चपलांसह.