दीड हात वायर

पाचवीच्या पुस्तकात हे चित्र होतं,
काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, काळं-पांढरं.
खाली प्रश्न : चित्राचे पाच ओळींत वर्णन करा.
मी लिहिलं : चित्रात तलाव आहे. तलावात डोंगा आहे.
डोंग्यात बाई आहे. बाई शिंगाडे तोडत आहे.
पाचवी ओळ सुचली नाही.
पाचपैकी चार.

आज तीस वर्षांनी शिडी घेऊन आलो
पाटबंधाऱ्याच्या विश्रामगृहात, ट्यूबलाईट बदलायला,
आणि मेन स्विच पाडून वळलो
तर भिंतभर तेच.

भिंतभर.
खिडकीतून येत होतं तेवढंच ऊन.
पाणी निळं नाहीच.
काताच्या रंगाचं, शेवाळी, मधेच वांग्याच्या सालीसारखं,
आणि डोंग्याच्या बुडाशी शेंदराची एक रेघ.
कशासाठी, कळत नाही.
पण लांबूनच एक डोळा मिटून ती बोटानं झाकली
तर डोंगा बुडतो.

बाईच्या अंगठ्याला चिंधी.
भागरता आत्या बांधायची अशीच, काट्यांसाठी,
तलावावर निघण्याआधी, दातांनी गाठ ओढून.
तिला जाऊन अकरा वर्षं झाली,
आणि ती इथे,
साहेबलोकांच्या जेवणाच्या टेबलामागे.

शिडीवर चढलो.
जवळून बाई नाही, तलाव नाही,
नांगरलेल्या बांधीसारखे रंगाचे नुसते उंच-सखल तास,
एका तासात ब्रशचा केस,
आणि एका ठिकाणी डास.
खराखुरा, पंख पसरून चिकटलेला.
म्हणजे तो माणूस इथेच बसला होता काठावर,
आमचेच डास चावत होते त्याला.

उजव्या कोपऱ्यात, पुस्तकात जिथे चित्र कापलं होतं,
पाळीवर एक पोरगं बसलंय उकिडवं,
बाईकडे बघत.
तोंड काढलेलं नाही.
चार फटकारे, झालं.

उतरता येईना.

"का गा, करंट लागला का?"
झिंगरू खानसामा दारात.
मेन तर मीच पाडला होता.
"नाही बाप्पा," म्हटलं, "लागते थोडा वेळ."

नवी ट्यूब जुन्याच जागी लावली असती
तर तिची चकाकी नेमकी बाईच्या तोंडावर आली असती.
सरकवली.
दीड हात वायर जास्त लागली.
बिलात धरली नाही.