निरोगी, क्रमांक अकरा

शेरब्रुक. खिडकीबाहेर उणे एकवीस.
ओडिलॉन थेरियो, वय एकसष्ट,
कागदावर ‘निरोगी’ असा शिक्का,
रात्रीपासून पोटात नुसतं पाणी.

नर्स मारिझ पेला पुढे करते:
दुधात घुसळलेलं तेल,
नारळातून वेगळं काढलेलं, ना वास ना चव.
तो एका दमात संपवतो, मिशी पुसतो.
“थेरियोंच्या घरात तेल पितंय कोण!
बाप हसून मेला असता.”

चाळीस वसंत त्यानं मेपलचा रस आटवला.
चाळीस बादल्या रस, एक बादली पाक.
साखरेवर घर उभं राहिलं,
साखरेवरच दात गेले.

दर अर्ध्या तासानं एक नळी रक्त.
मारिझ सांगते, यकृत आत तेल जाळून
कीटोन करतंय, मेंदूलाही चालतं ते.
“म्हणजे आत आणखी एक भट्टी होती,
आणि एकसष्ट वर्षं मला कुणी बोललं नाही.”

दहाला पोटात कळ.
तो मुकाट्यानं संडास गाठतो,
परत येऊन म्हणतो, “हेही लिहा.”
ती लिहिते.

साडेबाराला आकडा: शून्य पूर्णांक सहा.
सकाळी होता एक दशांश.
ओडिलॉन त्याच्याकडे बघत राहतो,
भट्टीपाशी पळीवरून ओघळणाऱ्या
थेंबाकडे बघायचा तसा:
तार आली का? अजून नाही.

“एवढंच?”
“एवढंच.”

निघताना तो टेबलावर डबा ठेवतो,
मागच्या वसंतातला पाक.
“तुम्हाला चालणार नाही हं, प्रयोग संपेपर्यंत.”
“तुमच्यासाठी आहे,” तो टोपी कानांवर ओढतो,
“मी आज तेलावर चाललोय.”