पुसल्याची पावती

नाबर बाईंनी सीपीयू माझ्या टेबलावर ठेवला,
चादरीच्या पट्टीने बांधलेला, गाठीवर गाठ,
आणि म्हणाल्या, तांडेल, हा विकायचाय.
पण आधी आतलं सगळं घालवा.

ठाकूरद्वारला जिन्याखाली त्यांचं डीटीपीचं दुकान.
लग्नपत्रिका, मुंजपत्रिका, तेराव्याची कार्डं,
उद्या टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवावे,
क्लासचे पेपर, परीक्षेच्या आदल्या रात्री टाइप केलेले
आणि सख्ख्या भाच्यालाही न दाखवलेले.

मी म्हटलं, फॉरमॅट मारतो. दहा मिनिटं.
म्हणजे नेमकं काय करता?

लॅमिंग्टन रोडवर हे कोणी विचारत नाही.
गिऱ्हाईक पासवर्ड विसरतं, घासाघीस करतं, जातं.
तरी सांगितलं:
बिल्डिंगखाली नावांचा फळा असतो ना, बाई,
पहिला मजला कर्णिक, दुसरा डिमेलो,
फॉरमॅटमध्ये तो फळा तेवढा उतरवतात.
माणसं आपापल्या खोल्यांत असतातच,
कुकरच्या शिट्ट्यासुद्धा होतात,
फक्त वॉचमन सांगतो, इथे कोणी राहत नाही.

मग खोल्या रिकाम्या करा, त्या म्हणाल्या.

रिकाम्या होत नाहीत. भराव्या लागतात.
पहिल्या फेरीत प्रत्येक खोलीत शून्य.
दुसऱ्या फेरीत प्रत्येक खोलीत एक.
तिसऱ्यात काहीही, ज्याला अर्थ नाही असं.
एकशेसाठ जीबी, तीन तास लागतील. संध्याकाळी या.

त्या गेल्या नाहीत.
पोटमाळ्यावर माझ्याकडे एकच स्टूल आहे,
त्यावर बसल्या, पर्स मांडीवर, नजर टक्क्यांवर.
सात टक्क्यांना म्हणाल्या,
एका पत्रिकेची चौदा प्रुफं काढली होती मी.
पंधराव्याला नवऱ्या मुलाचं नाव बदललं. फक्त नाव.
तारीख तीच, हॉल तोच, आमचे येथे श्रीकृपेकरून तेच.
तेवीस टक्क्यांना चहा आला.
नंतर बराच वेळ पंखा ऐकला आम्ही.

मी विचारलं, काहीच ठेवायचं नाही?
पेन ड्राइव्ह आहे माझ्याकडे, पैसे नकोत.
म्हणाल्या, माझ्या जुन्या फॉन्टातलं कुठे उघडतंय आता?
नव्या मशीनवर सगळी अक्षरं खडीसारखी सांडतात.
आणि ते काही माझं नव्हे, लोकांचं आहे.
लोकांनी आपापलं ठेवलं असेल
किंवा नसेल.

साडेसहाला तिसरी फेरी संपली
आणि स्क्रीनवर एक ओळ आली, लाल.
चार सेक्टर लिहिता आले नाहीत.

हे मला नेहमीचं.
तबकडी झिजते, चार-दोन जागा दगड होतात.
तिथे शून्य बसत नाही, एकही बसत नाही.
तिथे काय आहे? बाईंनी विचारलं.
वाचता येत नाही.
आणि पुसता?
तेही नाही.
किती मावेल त्यात?
चारेक पानं मजकूर. किंवा कशाचा तरी तुकडा.

मी खणातून ड्रिल काढलं.
भोक पाडलं की विषयच संपतो,
बँकवाले तसंच करून घेतात, समोर उभे राहून.
त्यांनी ड्रिलकडे पाहिलं,
मग डब्यातून काढलेल्या डिस्ककडे.
अजून कोमट होती.
हिच्या जागी दुसरी घाला आणि मशीन विका, म्हणाल्या,
ही मला द्या.
नमुन्याच्या पत्रिकांची एक प्लास्टिकची पिशवी होती पर्समध्ये,
तिच्यात घातली, तोंड दुमडलं, रबर लावलं.

साडेसहाशे झाले. सुटे दिले. पावती मागितली.
मी पावती कोणाला देत नाही,
पुस्तक शोधायलाच पाच मिनिटं गेली.
कामाचा तपशील, त्यात लिहिलं:
हार्ड डिस्क पूर्णपणे पूसून दिली.

बाईंनी चष्मा वर केला,
माझ्याच हातातलं पेन घेतलं.
'पुसून'ला पहिला उकार, तांडेल, म्हणाल्या,
आणि 'पूर्णपणे'वर
एक सरळ, बारीक रेघ मारली.