टप

तासगावच्या बँडवाल्याकडून घेतली.
डुक्कर फियाट, पुढची दारं उलटी उघडणारी,
वर टप नाही.
त्याच्या बापानं हॅक्सॉनं कापला होता,
वरातीत नवरदेव लांबून दिसावा म्हणून.
कापलेल्या कडेला सोनेरी झालर, रिव्हेट मारून.
“ओरिजनल ओपन गाडी आहे, ताई,” मुलगा म्हणाला.
मी मान डोलावली.
खोटं कळत होतं,
पण हॉर्न आवडला होता.

विश्रामबागेत, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये
विटांच्या चार थप्प्यांवर ती बसली.
नवरा म्हणाला, मग स्कूटर कुठं लावायची?
एवढंच.

रविवारी सीटा काढल्या.
खाली अक्षता.
पत्र्याच्या घडीत, वायरिंगच्या नळीत,
काही तांदळाच्या, बहुतेक ज्वारीच्या.
हातोडीचा ठोका पडला की दहा-वीस दाणे खाली,
जणू आत अजून मंगलाष्टकं संपली नव्हती.
झाडून चिमण्यांना टाकल्या.
त्यांनी चोच लावली नाही. ग्रीसचा वास.

तळाचा पत्रा पापड झालेला,
बोट टेकवलं तर आरपार.

बशीर मुजावर वेल्डर आला माधवनगरहून.
गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या,
चप्पल काढून आत बसला.
“बसा वैनी शेजारी.”
बसले.
“आता दार उघडा.”
उघडेना.
“टप कापला की गाडी कंबरंत वाकती.
टप काय निस्ता पावसाला नसतोय, वैनी,
त्यो गाडीला वरनं धरून असतोय.”

मी सतरा वर्षांची असताना
मार्केट यार्डातली माणसं येऊन सतरंजीवर बसायची
आणि जो तो म्हणायचा, छत्र हरपलं.
एकानंही सांगितलं नाही
की त्यानंतर दारं अडकतात.

पुण्याहून एक जाणकार आले.
चहा घेतला, बिस्किट नको म्हणाले.
“हिला पुन्हा टप बसवा. जशी होती तशी करा,
तरच किंमत.”
कोल्हापूरला भंगारात एक आहे, आठ हजार.
गेले बघायला.
चांगला टप होता. पांढरा, एका कोपऱ्यात जरासा चेपलेला,
जमिनीवर पालथा,
आणि त्याच्या खाली कोंबडी, नऊ पिल्लं.
भाव न करता परत आले.

मग बशीरनं मधोमध जॅक लावून
गाडी उलटी वाकवली, बोटभर,
आणि तशीच धरून
दोन्ही अंगांना आतून लोखंडी चॅनेल घातले.
मागच्या सीटमागं आडवा पाईप.
तीन रात्री शेजाऱ्यांच्या भिंतीवर निळा उजेड नाचला.
डायनॅमो काढून आल्टरनेटर,
पुढं मारुतीचे ब्रेक, सीटबेल्ट.
जाणकारांना फोटो पाठवले.
निळ्या दोन खुणा आल्या, उत्तर नाही.

हूड शिवला किशा रेळेकरनं,
जो एरवी ट्रॅक्टरच्या ताडपत्र्या शिवतो.
म्हणाला, गाडीला कधी कपडे घातले नाहीत,
मापं घेतो. आणि खरंच गळ्यातला टेप काढून
तिची छाती, पाठ, बगल मोजली.
मागच्या खिडकीला जाड प्लास्टिक,
त्यातून बायपास जरा पिवळा दिसतो.

काल हरिपूरच्या रस्त्याला नेली.
हूड मागं दुमडलेला, चिंचांची सावली थेट मांडीवर.
मी, नवरा, मागं बशीर आणि किशा,
चौघांचं वजन.
संगमावर थांबलो. दाराच्या फटीत
पाच रुपयांचं नाणं घालून बघितलं:
उजवीकडं अडतं,
डावीकडं अजून खाली पडतं.
“ऱ्हाऊ द्या,” बशीर म्हणाला, “श्वास घ्यायला.”
नवरा डाव्या बाजूनं उतरला,
दार एका हातानं उघडून, न बघता.

स्कूटर अजून बाहेरच असते.
उरलेल्या कापडातून किशानं
तिला एक झूल शिवून दिली आहे.