पहिले दोन सेंटिमीटर

आधी आम्ही विषय लिहिला होता: ‘पूर का येतो?’
इंगवले मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, एवढं ओझं नववी ब ला पेलायचं नाही,
आणि दिवस आहेत पंधरा.
खलबत्त्यात घाला प्रश्न, कुटा,
चिमटीत मावेल तेवढाच घेऊन या.

मग गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
एका ग्लासात दोघं, फेस कुणाचा यावर भांडत
आम्ही कुटत बसलो.
‘का’ गेलं. ‘कधी’ गेलं. धरणं गेली, हवामान गेलं.
खाली उरलं ते एवढंच:
शुक्रवार पेठेत, आमच्या बोळात,
एकोणीस साली कुठल्या दारात पाणी किती चढलं,
आणि ते आता कुणाला किती आठवतंय.

श्रेणिकनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रकाने पाडले.
कोण. काय. कधीपर्यंत.
चौथा मुबीनानं स्वतःहून आखला: ‘अडलं तर.’
आम्ही तिला चिडवलं.
सगळ्यात आधी भरला तो तोच.

मोजायचं मी. विचारायचं मुबीनानं,
कारण तिला कुणीही चहा देतं.
लिहायचं श्रेणिकनं. शिडी धरायची जोतिरामनं,
तालमीतून सुटल्यावर, अंगाची माती तशीच.
ऐकलेलं निळ्या शाईत, मोजलेलं काळ्या.
दोन्ही जुळलं नाही तरी खोडायचं नाही.

नाहीच जुळलं.
चौगले काकूंनी हात गळ्याशी नेला, ‘हितंपतोर बघ’,
रेघ होती छातीशी.
श्रेणिकनं दोन्ही लिहिलं,
आणि समासात, अगदी बारीक: काकू तेव्हा बसल्या असतील का?
कुणी म्हणालं, मिठाची बरणी राहिली, मीठ गेलं.
कुणी म्हैस माडीवर कशी चढवली ते सांगितलं,
उतरवताना काय झालं ते सांगता सांगता
चहा निवला.

अकराव्या दिवशी, बत्तीस घरं झाल्यावर,
दप्तरातल्या पट्टीशेजारी मी टेप सहज ठेवली.
हवळ टेलरांची टेप, दीडशेची, पिवळी,
टोकाची पितळी पट्टी कधीच गळालेली,
आणि पट्टीबरोबर पहिले दोन सेंटिमीटर.
म्हणजे आमचा पूर
खऱ्या पुरापेक्षा दोन सेंटिमीटर उंच.
जिथं टेप दोनदा लावली, तिथं चार.

जोतिराम म्हणाला, कुणाला कळतंय!
खरंच, कुणाला कळलं असतं?
मी ते रात्रभर चघळलं.
सकाळी कॅलेंडरवर, चौथ्या रकान्यात,
मीच लिहिलं: टेप तुटकी. चूक माझी.
मॅडमनी वाचलं, लाल पेन उचललं, ठेवलं.
‘या चुकीला एक पान द्या. आकडे दुरुस्त करा,
पण जुनेही दिसू देत.’
हवळ टेलर मात्र हादरले.
वीस वर्षं पँटी कापतोय की रं मी हिच्यावर!

एक घर राहिलं. परीट मामांचं.
भिंतीला नवा रंग, आकाशी, रेघ कुठंच नाही.
मुबीनानं विचारलं. मामा इस्त्री फिरवत राहिले.
शर्टाची एकच बाही, परत परत.
मग म्हणाले, ‘पुसली म्या. दरवर्षी कोण बघत बसणार तिच्याकडं?
लिवू नका काय.’
तिला त्या दिवशी चहा मिळाला नाही.
तिनं मागितलाही नाही.

तक्त्यात तेहतिसावी ओळ आहे.
निळी शाई नाही, काळी नाही.
श्रेणिक म्हणाला, ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहूया,
पुस्तकात तसंच असतं.
मुबीना म्हणाली, उपलब्ध आहे. दिलेली नाही.
यावर आमचं अजून भांडण मिटलेलं नाही,
आणि वही उद्या द्यायची आहे.